उचलून नेणारी माणसं

आमच्या कॉलेजचं ग्रंथालय तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलं तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होते. सुट्टी संपवून आले तर माझ्या टेबलाच्या जागी चकचकीत काउंटर, आणि वर पाटी, 'प्रवेश मार्गदर्शन कक्ष'. कपाटं, पुस्तकं, वर्तमानपत्रांचे स्टँड, माझी उशी ठेवलेली खुर्चीसुद्धा वर पोचली होती. ग्रंथपाल तेवढी खाली राहिली होती.

लहानपणी मला पोलिओ झाला. डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे, हातात कुबडी असते. साइड-व्हील लावलेली स्कूटर आहे. ती सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या अरुंद गल्लीतून काढायची, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत कॉलेजात न्यायची, यात मला कुणाची मदत लागत नाही. कॉलेजच्या गेटपासून माझ्या जुन्या टेबलापर्यंत एकही पायरी नव्हती. त्यामुळे एकदा खुर्चीत बसले की मी अपंग आहे हे निम्म्या लोकांच्या लक्षातच नसायचं. मला ओळखायचे ते माझ्या तोंडाळपणावरून. पुस्तकात पान दुमडणाऱ्या पोराला मी जे बोलायचे ते तो पुढच्या वर्षीही विसरत नसे.

मी लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरात राहते. भाऊ देवमाणूस आहे, वहिनी त्याहून बरी, पण घर त्यांचं आहे. नोकरी तेवढी माझी होती. ती कुणी दया म्हणून दिलेली नव्हती, मुलाखत देऊन मिळवलेली होती. म्हणून जिन्याकडे बघून मला भीती वाटली ती पायऱ्यांची नव्हती.

प्राचार्य फार गोड बोलले. "लिफ्ट प्रस्तावित आहे, मॅडम. तोपर्यंत तुमची सोय केली आहे."

सोय म्हणजे लाल रंगाची, हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि दोन शिपाई. एक विणकराच्या घरातला, शहराच्या पूर्व भागातला, तो कामापुरतंच बोलायचा. दुसरा सांगोल्याकडचा, दणकट, तोंडानं अखंड चालू. त्याला सगळं कॉलेज मामा म्हणतं, मीही म्हणते. मी नोकरीला लागले त्याच सुमारास तोही लागला. माझी स्कूटर पंक्चर झाली तर न सांगता काढून आणणारा हाच.

"तुमी नुसतं बसायचं, म्याडम," मामा म्हणाले. "बाकी आमी हाय की."

तर रोज सकाळी मी जिन्याखाली त्या खुर्चीत बसायचे, कुबडी मांडीवर आडवी घ्यायचे आणि दोन माणसं मला उचलायची. समोरून येणारी पोरं भिंतीला चिकटून उभी राहायची. प्राध्यापक मंडळी "सावकाश, सावकाश" म्हणायची. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक मऊ भाव यायचा. मला तो बघवत नसे, म्हणून मी छताकडे बघायचे. छताला कोळिष्टकं होती आणि ती काढायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

मामांचा मला राग आला नाही, हे आधीच सांगून टाकते. वळणावर खुर्ची कलली की ते सगळा भार आपल्या बाजूला घ्यायचे. त्यांच्या मानेची शीर फुगायची आणि मला लाज वाटायची. मी वर पोचले की ते खुर्ची फडक्यानं पुसून कोपऱ्यात ठेवायचे. संध्याकाळी खाली नेताना पुन्हा पुसायचे.

पावसाळा कोरडाच गेला आणि एक दिवस प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांची केबिन तळमजल्यावर आहे. "तुमची ओढाताण होते, त्या दोघांचीही होते," ते म्हणाले. "स्वेच्छानिवृत्तीचा विचार केलात का? सन्मानानं करू सगळं." माझ्या पुढ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास सरकवला. मी तो घेतला नाही. इतकी वर्षं ज्या नोकरीवर मी ताठ मानेनं जगले ती माझ्याच सोयीच्या नावाखाली जाणार होती.

घरी येऊन भावाला सांगितलं. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी चालतं. मी त्याला अण्णा म्हणते आणि तो लाडात आला की मला तंगी म्हणतो, म्हणजे धाकटी बहीण. माझं ऐकून त्याचे डोळे भरले आणि लगेच तो व्यवहारावर आला. "सुम्ने, उगाच कशाला कोर्टकचेरी? संस्थेचे अध्यक्ष आपल्या ओळखीतले आहेत. चार मोठी माणसं घालू मध्ये."

आमच्याकडे हीच रीत आहे. भांडण झालं की समाजातला एक वडीलधारा माणूस पांढरी टोपी घालून चहाला जातो आणि 'समजुतीनं' काहीतरी घेऊन येतो. जमिनीचा बांध असो, सुनेचं माहेर असो, असंच चालतं. तसे आमचे एक अप्पा गेले. बराच वेळ बसले. परत आले ते हसत.

"झालं तुझं काम," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हणाले, अशा जिद्दीच्या बाईचा आम्ही सत्कार करणार!"

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार झाला. स्टेजला पायऱ्या होत्या. म्हणून मला त्याच लाल खुर्चीत बसवून स्टेजवर उचलून नेलं आणि अख्ख्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. नारळ दिला, हार घातला आणि शालीऐवजी चांगली जाड सोलापुरी चादर पांघरली. उकडत होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अपंगत्वावर मात करणाऱ्या..." मी कशावर मात केली होती? मात जिन्यानं माझ्यावर केली होती. पण माइक माझ्या हातात कुणी दिला नाही, कारण मला भरून आलं असेल असं सगळे धरून चालले होते.

फोटो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. करमाळ्याच्या आत्यानं जोडलेल्या हातांचं चित्र वीस वेळा पाठवलं. अण्णा तो फोटो दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचा. त्या आठवड्यात प्राचार्यांनी निवृत्तीचं पुन्हा विचारलं, आता तर जास्तच गोड आवाजात. तेव्हा मी ठरवलं की वकील शोधायचा आणि तो आपला आपण शोधायचा.

मी आधी घरच्याच वकिलांकडे गेले. आमच्या वाटण्या, खरेदीखतं सगळी त्यांनी केलेली. त्यांचं ऑफिस कोर्टाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. मी खालून फोन केला. बिचारे काळा कोट सांभाळत खाली आले. स्कूटरवर बसूनच मी सगळं सांगितलं. शेजारचा उसाचा रसवाला चरक थांबवून ऐकत होता. वकिलांनी शेवटी विचारलं, "पण यात वाद काय आहे? ते उचलून नेतायत ना?"

"उचलून नेतायत हाच वाद आहे," मी म्हटलं.

ते विचारात पडले. रसवाला मात्र मान हलवून म्हणाला, "बरोबर हाय की ताईंचं." त्यानं मला रस पाजला आणि वकिलांनाही.

दुसरे वकील मला कुणीतरी सुचवले, 'अपंगांच्या केसेसमधले एकदम एक्स्पर्ट' म्हणून. ऑफिस तळमजल्यावर, रॅम्पसुद्धा होता. मला वाटलं, पोचले बाई एकदाची. आत भिंतीला टेकून एक्स-रेची पाकिटं रचलेली होती आणि बाकावर प्लॅस्टर घातलेली माणसं बसली होती. वकिलांनी मला मानानं बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "किती टक्के?"

मी टक्के सांगितले. त्यांचा चेहरा उजळला.

"कुठल्या गाडीनं?"

"गाडीनं नाही, पोलिओनं."

"मग विम्याची कंपनी कुठली लावायची?" ते मनापासून हळहळले. ते अपघाताच्या नुकसानभरपाईचे वकील होते. अपंगत्व म्हणजे रस्त्यावर कुणीतरी कुणाला ठोकलेलं असणार, ही त्यांची पक्की समजूत. माणूस मात्र वाईट नव्हता. त्यांनी मला चहा दिला, गेटपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "ताई, हे सर्व्हिस मॅटर आहे. शिक्षकांच्या नोकरीच्या केसेस लढणारी एक बाई आहे. तोंडानं फटकळ आहे, पण तिच्याकडे जा."

मी स्वतः तोंडाळ. फटकळ बाई म्हटल्यावर मला बरं वाटलं.

ती मूळची कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. वयानं माझ्याहून बरीच लहान. तिचं ऑफिस एका बिल्डिंगच्या पार्किंगला पत्रे मारून केलेलं होतं. मी गेले तेव्हा ती डबा खात होती, भाकरी आणि शेंगाचटणी. मला बघून उठली नाही, 'या या' केलं नाही, कुबडी धरायलाही धावली नाही. डाव्या हातानं समोरची खुर्ची दाखवली. मला तिथंच ती आवडली.

मी सगळं सांगितलं. जिना, खुर्ची, प्रस्तावित लिफ्ट, सत्कार, चादर. सत्काराला ती मोठ्यानं हसली आणि मीही हसले. त्या प्रकरणावर मी पहिल्यांदाच हसत होते. मग तिनं हात धुतले, वही काढली नाही, काही नाही, नुसती माझ्याकडे बघत बसली.

"वर गेल्यावर तुम्ही पाणी कधी पिता?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे?"

बायकांचं बाथरूम तळमजल्यावर होतं. तिसऱ्या मजल्यावर एक होतं, त्याला कुलूप, आत जुनी बाकं भरलेली. ती थांबली. पत्र्यावरून मांजर चालत गेलं तेवढा आवाज झाला.

मी पाणी पीत नव्हते. सकाळी घरून निघताना शेवटचा घोट, आणि मग संध्याकाळी घरी आल्यावर. सोलापूरच्या उन्हात, तिसऱ्या मजल्यावर, वर गच्चीचा स्लॅब. जायचं म्हटलं तर दोन पुरुषांना बोलावून मला खाली न्या म्हणावं लागलं असतं. कशाला ते त्यांना कळलं असतं, जिन्यातल्या पोरांना कळलं असतं आणि मग मी परत येईपर्यंत ते बाहेर खुर्ची घेऊन उभे राहिले असते. त्यापेक्षा तहान बरी. वहिनी रोज बाटली भरून द्यायची. ती मी संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाजवळच्या कुंडीत ओतून घरी यायचे, तिला संशय येऊ नये म्हणून. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. डॉक्टर म्हणाले पाणी भरपूर प्या आणि मी हो म्हटलं.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. इतक्या माणसांनी माझ्यावर इतकी माया केली होती आणि हे कुणी विचारलं नव्हतं. सांगताना मी रडले. रडू आलं याचा मला इतका संताप आला की आणखी रडले. तिनं डोळे पुसायला काही दिलं नाही की धीर दिला नाही. रडणं थांबेपर्यंत बसून राहिली.

मग तिनं मला समजावलं. कायद्यात वाजवी सोय असा शब्द आहे. माणसाला आपलं काम आपण करता यावं म्हणून केलेली सोय. तुमची पुस्तकं वर आहेत आणि तुम्ही वर जाऊ शकत नाही, तर तुमच्या कामाची जागा खाली असली पाहिजे, किंवा लिफ्ट असली पाहिजे. माणूस उचलून न्यायचा आणि ठेवायचा, ही सोय नव्हे. तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

"आणि खरं सांगू का," ती म्हणाली, "तिथं वकील लागतोच असं नाही. तुम्ही स्वतःही अर्ज करू शकता."

"मग मी तुझ्याकडे कशाला आले?"

"तुम्ही स्वतः लिहिला असता तर त्यात पाणी लिहिलं असतं?"

फटकळ होती खरी.

"एक मात्र करावं लागेल," ती म्हणाली. "उद्यापासून त्या खुर्चीत बसायचं नाही. तुम्ही बसता तोवर ते म्हणणार, सोय आहे, बाई रोज वर येतात, अडचण काय आहे."

हे सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी मामा जिन्याखाली उभे होते, फडक्यानं खुर्ची पुसत.

"मामा, आजपासून मी वर येणार नाही."

"तब्येत बरी न्हाय व्हय?"

"बरी आहे. मला उचलायचं नाही आता."

त्यांचा हात थांबला. "आमचं काय चुकलं, म्याडम? परवा वळणावर जरा कललं, त्याचा राग आला व्हय?"

"तसं काही नाही, मामा."

"मग?"

मग काय सांगणार होते मी? पाण्याचं आणि बाथरूमचं पुरुषमाणसापुढे काढायचं? त्या क्षणी मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "असंच." ते फडकं खांद्यावर टाकून निघून गेले आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले.

मी जिन्याशेजारी, नोटीस बोर्डाखालच्या बाकावर बसायला लागले. प्राचार्यांकडून लगेच चिठ्ठी आली की ग्रंथपाल आपल्या जागेवर हजर नसतात. मी उत्तर लिहिलं की माझी जागा माझ्यापासून हलवली आहे. पोरं मात्र हुशार. ती खाली येऊन मला विचारायची, मी कपाट आणि खण सांगायचे, ती वर जाऊन पुस्तक आणायची. स्टाफरूममध्ये बोलणं सुरू झालं की सत्कार केला तरी बाईचं समाधान नाही. अण्णाला कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं की तुमची बहीण जिन्याजवळ बाकावर बसते. तो त्या रात्री जेवला नाही. "लोक काय म्हणतील, तंगी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "म्हणू दे. उचललं तेव्हाही म्हणतच होते." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेला. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, पण बाक मी सोडला नाही.

तक्रार गेली. संस्थेनं उत्तर द्यायची वेळ आली तसा एक दिवस मामांचा अबोला सुटला. ते खुशीत माझ्या बाकाजवळ आले आणि इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आता काळजी करू नका, म्याडम. आमी दोगांनी सायबास्नी लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

"की आमी म्याडमला खुशीनं उचलतो. आमाला काय बी तरास न्हाय. रिटायर हुईपतूर उचलू. त्यास्नी काढू नका." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता! "साहेब लई खूश झाले. म्हणले, तुमच्यासारखी माणसं पायजेत."

साहेब खूश होणारच. संस्थेला नेमकं हेच पाहिजे होतं. मी मामांकडे बघत राहिले. त्यांनी माझी नोकरी वाचवायला म्हणून जाऊन माझ्या विरुद्ध बाजूला सही केली होती. मी त्यांना रागवू शकले नाही. "बरं केलंत," असंही म्हणू शकले नाही.

वकीलबाईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं ते निवेदन मला पुन्हा एकदा शब्दशः सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुमच्यावर एवढा जीव लावणारा साक्षीदार त्यांच्याकडे आहे. आता तुम्हालाच बोलावं लागेल. मी बोलून चालणार नाही."

"पाण्याचं?"

"पाण्याचं."

सुनावणी ऑनलाइन होती. मी पत्र्याखालच्या ऑफिसात, लॅपटॉपसमोर. अण्णाही आला होता, न सांगता, दुकान बंद ठेवून, आणि दारापाशी स्टुलावर बसला होता. पडद्यावर एका चौकोनात पुण्याचे अधिकारी, दुसऱ्यात प्राचार्य आणि संस्थेचे वकील, आणि त्यांच्या मागे स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून उभे असलेले मामा. त्यांनी मला पडद्यावर बघून हात जोडले. मीही जोडले.

संस्थेच्या वकिलांनी सत्काराचा फोटो दाखवला. शिपायांचं निवेदन वाचून दाखवलं. कर्मचारी स्वेच्छेनं, आपुलकीनं सेवा देत आहेत, असं म्हणाले. मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, एवढी माणसं तुमची काळजी घेतायत, तर नेमकी अडचण काय आहे?"

मागे माझा भाऊ, पुढे तीन पुरुष आणि मामा. वकीलबाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, टेबलाकडे बघत होती. त्या क्षणी या मुलीनं मला मदत करायला नको होती आणि तिनं ती केली नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

"साहेब," मी म्हटलं, "मी कॉलेजात पाणी पीत नव्हते." आणि मग सगळं सांगितलं. बाथरूमचं कुलूप सांगितलं. दोन पुरुषांना कशासाठी हाक मारावी लागली असती ते शब्द न लपवता सांगितलं. कुंडी सांगितली. जळजळ सांगितली. मध्ये कुठंही थांबले नाही. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठून बाहेर गेला होता.

मग अधिकारी म्हणाले, "ते निवेदन देणारे शिपाई हजर आहेत ना? त्यांचं काही म्हणणं आहे का?"

प्राचार्य मागे वळले. मागची जागा रिकामी होती. मामा निघून गेले होते.

लिफ्ट होईपर्यंत ग्रंथपालांची जागा आणि देवघेव तळमजल्यावर, निवृत्तीसाठी कोणताही दबाव नाही, असं अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी तोंडी सांगितलं आणि पुढं लेखीही आलं. प्राचार्यांनी त्यांच्या गोड आवाजात "अवश्य, अवश्य" म्हटलं. वकीलबाईनं लॅपटॉप बंद केला, "चला," म्हणाली आणि दुसऱ्या पक्षकाराची फाइल ओढली. बाहेर अण्णा माझ्या स्कूटरच्या सीटवरची धूळ हातानं झाडत उभा होता. घरी येईपर्यंत त्यानं एवढंच विचारलं, "तुझ्या वहिनीला तरी सांगायचंस गं."

संध्याकाळी दारात मामा उभे. आमच्या घरी ते कधी आले नव्हते, पत्ता विचारत विचारत आले असावेत. वहिनीनं आत बोलावलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच थांबले. डोळे लाल होते.

"एवढं दिस मी तुमाला उचलत हुतो," ते म्हणाले, "आन तुमी तहानलेल्या."

"तुम्हाला कसं कळणार होतं, मामा?"

"सांगायचं की! मला तरी सांगायचं की, म्याडम. मी काय परका हाय व्हय?" ते रागावलेच होते. "एक हाक मारली असती. दिसातनं कितीबी येळा उचलून खाली नेलं असतं तुमाला. धा येळा म्हणला असता तर धा येळा."

"माहीत आहे, मामा," मी म्हटलं. "म्हणूनच नाही सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना.